अमेरिकेंतील खेड्यांचीं लग्नें व आमचा शेतकरी

“घर पाहावें बांधून व लग्न पाहावें करून” अशी आमच्याकडे जुनी म्हण आहे. ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली तो मुलीचा बाप असावा आणि त्याच्या डोक्यावर सावकाराचें कर्ज असावें, असें आम्हांस नेहमीं वाटतें. लग्नसराई आली कीं आमच्या शेतकरी व कारागीर घरांत आनंदाबरोबर धास्तीही शिरते. विहिरीसाठीं ठेवलेला पैसा, बैलाचा पैसा, पोराच्या शाळेचा पैसा मांडवाखालीं जातो. तो पुरला नाहीं म्हणजे जमिनीचा तुकडा जातो. यावर कोणी बोलूं लागला तर उत्तर ठरलेलें आहे: “काय करावें? चालत आलेली रीत आहे. चार लोक काय म्हणतील?” ही चालत आलेली रीत खरोखर कोठून चालत येते याची एकदां परीक्षा करावी, म्हणून आज आम्ही वाचकांस एका दूरच्या देशांतील शेतकऱ्यांच्या लग्नघरीं नेणार आहों.

तो देश अमेरिका. तोच कां, असें कोणी विचारील. तर 1873 सालीं जोतीराव फुले यांनीं ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ ज्या लोकांस अर्पण केला ते हेच लोक. काळ्या गुलामांच्या मुक्ततेसाठीं त्यांनीं जो त्याग केला त्याबद्दल जोतीरावांनीं त्यांचा तो गौरव केला. त्याच सालीं सप्टेंबरच्या 24 तारखेस सत्यशोधक समाज स्थापन झाला व डिसेंबरच्या 25 तारखेस भटाशिवाय पहिलें सत्यशोधक लग्न लागलें. तेव्हां त्या देशांतील साधीं, कष्टाचीं माणसें लग्न कसें लावीत हें पाहणें आम्हांस परकें वाटूं नये. काळ घेऊं 1900 पासून 1920 पर्यंतचा. 1900 च्या खानेसुमारींत दर शंभर अमेरिकनांपैकीं साठ खेड्यापाड्यांत राहत होते. 1920 च्या खानेसुमारींत शहरांतील वस्ती प्रथमच निम्म्याहून अधिक भरली.

आयोवा, कॅन्सस, नेब्रास्का या मक्याच्या व गव्हाच्या मुलुखांतील एखादें लहान गांव डोळ्यांपुढें आणा. रेल्वेचें स्टेशन, धान्याचें कोठार, एक-दोन चर्चें, शाळा, लोहाराचा भाता, वाण्याचें दुकान, आणि भोंवतीं दूर दूर शेतांवर राहणारीं कुटुंबें. लग्न ठरलें म्हणजे नवरा मुलगा घोडागाडी जुंपून काउंटीच्या कचेरींत जाई. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्याजिल्ह्यासारखा भाग. तेथील कारकून नांव व वय विचारून, थोडी फी घेऊन परवाना देई. तो परवाना पाद्र्यापुढें नेला तरी चाले, जज्जापुढें नेला तरी चाले, किंवा ‘जस्टिस ऑफ द पीस’ म्हणून गांवाचे किरकोळ तंटे तोडणारा जो लहान न्यायाधीश असे त्याच्यापुढें नेला तरी चाले. कायद्याच्या दृष्टीनें तिन्ही लग्नें सारखींच पक्कीं. लग्न लावणारानें दाखल्यावर सही करून तो कचेरींत परत करावयाचा, आणि कारकुनानें तो मोठ्या वहींत नोंदवावयाचा. त्या वह्यांवरून आज शंभर वर्षांनीं नातवंडें-पतवंडें आपल्या कुळाचा शोध लावीत असतात.

आतां वाचकांनीं येथें जरा थांबावें. त्या पाद्र्याला गांवावर वतन नव्हतें. त्याला बोलावलें तर तो येई, नवरा मुलगा खुषीनें जें हातावर ठेवी तें घेई, आणि चार घांस जेवून जाई. जज्जाकडून लग्न लावून घेतलें म्हणून “माझी दक्षिणा बुडाली” अशी फिर्याद त्याला करतां येत नव्हती. आमच्याकडे गांवजोशाला न बोलावतां लग्न लावलें तरी तो आपला हक्क मागण्यास कोर्टाची पायरी चढे, आणि हा हक्क कायद्यानें मोडण्यास मुंबई इलाख्यांत 1926 साल उजाडावें लागलें. तिकडे क्वेकर नांवाचा ख्रिस्ती पंथ तर याच्याही पुढें गेलेला. त्यांच्या जुन्या रीतीच्या सभेंत लग्न लावणारा पाद्रीच नसतो. वधूवर उभीं राहून सर्वांदेखत एकमेकांस वचन देतात आणि हजर असलेलीं माणसें दाखल्यावर सह्या करतात. पेनसिल्व्हेनियाचा कायदा हें लग्न मान्य करतो. जोतीरावांनीं वधूवरांच्या तोंडीं मराठी वचनें घातलीं, मुलीच्या तोंडून समान हक्काची मागणी करविली, तेव्हां “हें कसलें लग्न?” म्हणून हंसणारे पुष्कळ निघाले. त्यांना ठाऊक नव्हतें कीं भिक्षुकाशिवाय, नुसत्या वचनानें व साक्षीनें लागलेलीं लग्नें दुसऱ्या खंडांत दोनशें वर्षें सुखानें नांदत होतीं.

लग्न बहुधा मुलीच्या बापाच्या घरीं, बैठकीच्या खोलींत लागे. परसांतलीं फुलें व रानांतल्या वेली हीच सजावट. पेरणी व कापणी टाळून, कामाची सवड पाहून दिवस धरीत. पुष्कळ लग्नें बुधवारीं होत. शुक्रवार अशुभ मानण्याचें खूळ त्यांच्यांतही होतें, तें आम्ही लपवीत नाहीं. पण त्या खुळावर कोणाचें वतन चालत नव्हतें. विधि थोड्या मिनिटांत आटपे. मग जेवण: घरच्या कोंबड्या, घरचें डुकराचें मांस, बटाटे, लोणचीं, शेजारणींनीं करून आणलेले केक, आणि हातानें यंत्र फिरवून केलेलें आइस्क्रीम. खुर्च्या व भांडीं शेजारपाजारचीं. गांवच्या फोटोग्राफराकडे जाऊन एखादा फोटो काढीत. तो झाला कीं दोघें आपल्या शेतावर कामाला लागत; आणि तें शेत पुष्कळदां दुसऱ्याचें, खंडानें केलेलें असे.

नवरीच्या पोशाखाची गोष्ट तर आमच्या बायकांनीं मुद्दाम ऐकावी. पांढऱ्या पोशाखाची चाल इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या 1840 सालच्या लग्नानंतर श्रीमंतांत पसरत गेली. शेतकऱ्याची मुलगी मात्र पुष्कळदां निळा, तपकिरी किंवा करडा असा एक टिकाऊ झगा शिवी, कारण तोच तिला पुढें कित्येक वर्षें रविवारीं चर्चला जातांना घालावयाचा असे. पांढरा केलाच तर साध्या सुती कापडाचा, घरच्या शिवणयंत्रावर शिवलेला. एक दिवस नेसून पेटींत कुजत ठेवावयाच्या शालूची ऐपतही तिला नव्हती व हौसही नव्हती.

मुलीचें वय काय असे? 1900 च्या खानेसुमारीवरून पहिल्या लग्नाचें मध्यम वय पुरुषांचें सुमारें 26 व बायकांचें सुमारें 22 निघतें. त्याच काळांत आमच्याकडे पाटी हातांत धरण्याच्या वयांत मुलींच्या कपाळीं बाशिंग बांधलें जात होतें. मुलीचें वय निदान 14 असावें असें ठरविणारा शारदा कायदा 1929 सालीं झाला. अमेरिकेंतील कायदा फार शहाणा होता म्हणून हें घडलें असें समजूं नये. तेथेंही कित्येक राज्यांच्या कायद्यांत मुलीची किमान मर्यादा 12 वर्षांचीच राहिली होती. फरक रीतीचा होता. आपल्या बळावर घर मांडतां येईपर्यंत लग्न करावयाचें नाहीं, अशी ती रीत. मुलगा शेतावर मजुरी करून घोडे व अवजारें जोडी. मुलगी दुसऱ्याच्या घरीं कामाला राही, टोप्या शिवी, किंवा शाळेंत शिकवी. 1862 च्या होमस्टेड कायद्यानें 21 वर्षांवरील अविवाहित बाईलाही स्वतःच्या नांवानें 160 एकर सरकारी जमीन मागतां येत होती, आणि कित्येक बायकांनीं ती मागून, पांच वर्षें कसून, मालकी मिळविली.

पण तीच बाई लग्न करून बसली असती तर तिला हा अर्ज सामान्यतः करतां आला नसता. मग घराचा मालक नवरा. आम्ही स्वतः खेड्यांतील शिक्षक असल्यामुळें दुसरी एक गोष्ट आम्हांस फार बोंचली. तेथील पुष्कळ शाळामंडळांचा नियम असा होता कीं शिक्षिकेनें लग्न केलें म्हणजे तिची नोकरी गेली. शिक्षकाला हा नियम नव्हता. जिनें साऱ्या गांवच्या पोरांना अक्षरओळख करून दिली तिला लग्नाबद्दल ही शिक्षा! सबब जें साधें तें सर्वच न्यायाचें असतें असें नव्हे, हेंही वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां खर्चाकडे वळूं. आई मुलीला पिसांची गादी, चादरी, फार तर एखादी गाय देई. शेजारणी एकत्र बसून चिंध्यांची गोधडी शिवून देत. आमच्या वाकळेचीच ती बहीण. ‘पाउंडिंग’ नांवाची एक चाल होती, तींत प्रत्येक घरानें साखर, कॉफी, लोणी, पीठ असा एकेक पौंड जिन्नस नव्या जोडप्याकडे पोहोंचवावयाचा. पोलंड व बोहेमियाहून येऊन वसलेल्या शेतकऱ्यांचीं लग्नें मात्र दोन-दोन, तीन-तीन दिवस चालत. खाणें, पिणें, नाच भरपूर. तथापि त्यांच्यांत नवरीबरोबर नाचावयाचें तर पाहुण्यानें आधीं नाणें टाकावयाचें अशी रीत होती आणि तो पैसा नव्या संसाराला मिळे. म्हणजे लग्नानें जोडप्याच्या पदरीं कांहीं पडे.

सर्व गोड होतें असेंही नाहीं. रात्रीं गांवचीं पोरें नवदांपत्याच्या घराभोंवतीं जमून डबे बडवीत, गुरांच्या घंटा वाजवीत, बंदुकीचे बार काढीत, आणि नवऱ्यानें सिगार किंवा मिठाई दिल्याशिवाय हलत नसत. याला ‘शिवरी’ म्हणत. यांत कधींकधीं माणसें जखमी होत, मरतही. शिवाय गांवचें साप्ताहिक लग्नाच्या बातमीखालीं कोणीं काय दिलें याची नांवानिशीं यादी छापी: अमक्यानें चमचे, तमक्यानें घड्याळ. ज्यानें कमी दिलें त्याचेंही नांव छापलें जाई. आमच्या रुखवतापुढें उभें राहून भांडीं मोजणाऱ्या बायका आणि ती यादी वाचणाऱ्या बायका यांत आम्हांस फारसा फरक दिसत नाहीं.

आणि हुंडा? शेतकऱ्यांत तो मागून, ठरवून घेण्याची चाल नव्हती. परंतु न्यूयॉर्कच्या कोट्यधीशांत होती! 1895 सालीं रेल्वेमालक व्हँडरबिल्ट घराण्यांतील कॉन्सुएलो ही मुलगी इंग्लंडच्या मार्लबरोच्या ड्यूकाला दिली, तेव्हां 25 लाख डॉलरचे रेल्वेचे शेअर लेखी करार करून दिले. मुलीचें मन दुसरीकडे होतें. आईनें बळजबरीनें उभी केली. 1921 सालीं घटस्फोट झाला. बाप केवढाही धनवान असला तरी हुंडा देऊन मुलीचें सुख विकत घेतां येत नाहीं, हें ह्या गोष्टीवरून कोणासही दिसेल.

मग आज अमेरिकेंतील लग्नें इतकीं खर्चिक कां झालीं? तेथें वतनदार जोशी नव्हता. पण त्याच्या रिकाम्या पाटावर व्यापारी येऊन बसला. 1896 पासून टपाल शेतकऱ्यांच्या दारापर्यंत जाऊं लागलें, 1913 पासून पार्सलेंही जाऊं लागलीं, आणि सीअर्स-रोबक कंपनीच्या जाडजूड सूचीपत्रांतून अंगठ्या, घड्याळें, कापड घरबसल्या येऊं लागलें. 1934 सालीं खास नवऱ्या मुलींसाठीं मासिक निघालें. त्याचें पोट जाहिरातींवर. 1947 सालीं हिऱ्यांच्या डी बीअर्स कंपनीच्या जाहिरातदारांनीं हिरा अमर आहे अशा अर्थाचें वाक्य रचून घरोघर पोहोंचविलें. नवऱ्यानेंही अंगठी घालावयाची ही चाल तर दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास सर्वत्र झाली. आजीनें निळ्या झग्यांत, घरच्या खोलींत, चार शेजाऱ्यांसमोर लग्न केलें. आणि नात पांढरा झगा, हिरा व भाड्याचा हॉल यांनाच वाडवडिलांची रीत समजते! जी रीत दुकानदारानें घालून दिली तिला पूर्वजांचें नांव कसें चिकटतें याचा याहून उघड दाखला आम्हांस ठाऊक नाहीं.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, आम्ही अमेरिकेच्या खेड्यांचे पोवाडे गात आहों. तसें नाहीं. त्या कचेरींतील वहीची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाहीं. गुलामी होती तोंवर काळ्या जोडप्याच्या लग्नास कायद्यांत जागा नव्हती; मालक नवऱ्याला एका बाजारांत व बायकोला दुसऱ्या बाजारांत विकी. 1865 सालीं गुलामी संपली. 1866 सालीं नॉर्थ कॅरोलायना राज्यानें पूर्वीच्या गुलाम जोडप्यांनीं आपला संबंध नोंदवावा असा कायदा केला, तेव्हां केस पिकलेले नवराबायको काउंटीच्या कारकुनापुढें येऊन आपलीं नांवें लिहवूं लागले. जन्मभर एकत्र नांदलेल्यांना कागद कशाला हवा होता? तर आतां आम्हांस कोणी तोडूं शकणार नाहीं, याचा तो कागद होता.

आणि तीच वही गोऱ्या-काळ्यांच्या लग्नास मात्र बंद राहिली. ज्या काळचीं लग्नें आम्हीं वर वर्णन केलीं त्या काळांत निम्म्याहून अधिक राज्यांत असें लग्न कायद्यानें गुन्हा किंवा रद्द होतें. भिक्षुक नव्हता, पंचांग नव्हतें, तरी जात होती; फक्त तिचा पहारेकरी कचेरींतला कारकून होता. याच काळांत डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत शिकत होते, आणि 1916 च्या मे महिन्यांत त्यांनीं तेथें वाचलेल्या निबंधांत जातीचें मूळ आपल्यांतल्या आपल्यांत लग्नें करण्याच्या बंधनांत आहे असें दाखविलें. व्हर्जिनिया राज्यानें तर 1924 सालीं हें बंधन अधिकच आवळलें. तेथील कॅरोलाइन काउंटींतील रिचर्ड लव्हिंग हा गोरा गवंडी. मिल्ड्रेड ही काळ्या व इंडियन वंशाची, त्याच भागांतली. दोघांनीं 1958 च्या जूनमध्यें वॉशिंग्टनला जाऊन लग्न केलें. पुढच्याच महिन्यांत एका रात्रीं शेरीफ त्यांच्या निजावयाच्या खोलींत शिरला. लग्नाचा दाखला जवळ होता, पण तो येथें चालत नाहीं, असें उत्तर मिळालें. कोर्टानें 1959 सालीं एक वर्षाची कैद सांगितली आणि पंचवीस वर्षें राज्यांत एकत्र पाऊल न टाकण्याच्या अटीवर ती तहकूब केली. हीं दोघें लढत राहिलीं. 12 जून 1967 रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें निकाल दिला आणि व्हर्जिनियासकट 16 राज्यांतील असले कायदे रद्द झाले. एका गवंड्यानें व त्याच्या बायकोनें तें करून दाखविलें.

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, यांतून आमचें म्हणणें इतकेंच आहे. लग्न लागतें तें दोघांच्या संमतीनें, माणसांच्या साक्षीनें व वहींतील नोंदीनें. ही नोंद आज आपल्या ग्रामपंचायतींत होते. पत्रिकेच्या छपाईला दहा फेऱ्या घालणारा बाप त्या नोंदीसाठीं एक फेरी घालीत नाहीं, आणि पुढें मुलीवर प्रसंग आला म्हणजे कागद शोधीत फिरतो. शेजाऱ्यांनीं आणलेला पौंडभर जिन्नस, भाऊबंदांनीं घातलेला मांडव, बायकांनीं मिळून लाटलेल्या पोळ्या ही आमचीही खरी जुनी रीत. ती टाकून आम्ही भाड्याचा थाट घेतला. मंडपवाला, वाजंत्री, फोटोवाला यांच्या पोटाशीं आमचें वैर नाहीं, तेही आमच्यांतलेच. त्यांना अवश्य बोलवा, पण सावकाराला किंवा पतपेढीला न विचारतां बोलावतां येईल तेवढेंच बोलवा. जोशाचें वतन मोडण्यासाठीं आपल्या आज्यापणज्यांनीं वाळीत पडण्याची भीति घेतली. तें वतन मोडून आपण दुसरेंच एखादें घरांत आणून ठेवलें असेल, तर त्यांना काय सांगणार? आणि भिक्षुक गेला तरी जात जाते असें नाहीं, हें त्या गोऱ्या देशानेंही दाखविलें. मुलानें किंवा मुलीनें जातीबाहेरचें माणूस पसंत केलें तर आपण मांडवांत उभे राहूं कीं शेरीफासारखे दार ठोठावूं, याचें उत्तर ज्यानें त्यानें आपल्या घरींच द्यावयाचें आहे.

या लग्नसराईंत एवढें तरी करावें. सुपारी फोडण्यापूर्वीं आईबापांनीं व वधूवरांनीं एकत्र बसून, घरांतल्या शाळकरी मुलाच्या हातीं पाटी द्यावी. एका बाजूस हातांतील रक्कम लिहावी, दुसऱ्या बाजूस खर्चाच्या बाबी. जेथें हातची रक्कम संपते तेथें रेघ ओढावी, आणि रेघेखालीं ज्या बाबी राहतील त्या सर्वांसमक्ष पुसून टाकाव्या. चार लोक काय म्हणावयाचें तें म्हणोत. त्या चार लोकांपैकीं कोणीही तुमचा हप्ता भरण्यास येणार नाहीं.